छंदाचा हिशेब



माणसाला छंद हवाच. आम्हांला छंद पखवाजाचा. आठवड्यातून तीन रात्री आम्ही देवळात भजनाला बसतो. घरची मंडळी म्हणत, "या भजनापायी पैसाही जातो नि रात्रही जाते." आम्हांला राग यायचा. पण आम्ही जन्मभर मुलांना हिशेब शिकवला. मग स्वतःचा हिशेब का नको?

आम्ही एक वही केली. तारीख, काम, वेळ, पैसे असे चार रकाने आखले. घरी आलो की लिहायचं.

महिना संपला. बेरीज केली. भजनाच्या रात्री १२, तास २४. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लागते, ती घरचीच. वाद्या ताणून घेतल्या, त्याचे १०० रुपये. आणि भजनानंतर टपरीवर? एका रात्रीचे चहापानाचे ३० रुपये, म्हणजे १२ रात्रींचे ३६०! शिवाय गप्पांत १२ तास!

घरचे खरं बोलत होते. पण दोष पखवाजाचा नव्हता, टपरीचा होता.

आता टपरीवर महिन्यातून एकदाच बसतो. वाचलेल्या वेळात नातवाचा अभ्यास घेतो. पखवाज चालूच आहे.

तुमचा छंद कोणताही असो. तुम्हांला आता लिहिता येतं. वही आखा, आणि पहिली ओळ आज रात्रीच लिहा.