चाप ओढण्यापूर्वी
(हीरक महोत्सवानिमित्त आयोजित माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



ज्या व्यासपीठावरून पाठ केलेले भाषण विसरल्यामुळे मी एकदा रडत खाली उतरले होते, त्याच व्यासपीठावर आज मला सन्मानाने बोलावलेत, याबद्दल मी शाळेची ऋणी आहे. लहान मुलाच्या हाती नेमबाजीची रायफल द्यावी का, आणि दिली तर आईवडिलांनी काय करावे, या प्रश्नावर मी अनुभवाचे चार शब्द बोलणार आहे.

जबलपूरकरांना शस्त्रांचे अप्रूप नाही. १९०४ साली येथे गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळा कारखाना उभा राहिला. आपल्यापैकी अनेकांची घरे या कारखान्यांच्या भोंग्यावर चालली. १५५ मिलिमीटरची ‘धनुष’ तोफ आपल्याच शहरात घडते. माझ्या वडिलांची सारी नोकरी गन कॅरेज फॅक्टरीत झाली.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसहून दोन बातम्या आल्या. महिन्याच्या पहिल्याच दिवशी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. महिन्याच्या शेवटच्या दिवशी आपल्या जबलपूरच्या रुबिना फ्रान्सिस हिने पॅरालिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तूलचे कांस्यपदक जिंकले. एकाचे वडील शिक्षक, दुसरीचे मेकॅनिक. तेव्हा दहा वर्षांची असलेली माझी मुलगी म्हणाली, “आई, मलाही शिकायचे आहे.”

आजोबांना आनंद होईल, अशी माझी समजूत होती. ते म्हणाले, “तोफेचे काम मी पोटासाठी केले, देशासाठी केले. पोरीच्या हाती खेळ म्हणून बंदूक द्यायला नव्हे.” त्या दिवशी माझ्यापाशी उत्तर नव्हते. तरीही मी मुलीला रेंजवर घेऊन गेले.

पहिले काही दिवस प्रशिक्षकांनी तिला छर्रा दिलाच नाही. रायफल नेहमी भरलेलीच आहे असे मानायचे. नळी कोणत्याही माणसाकडे वळवायची नाही. नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवायचे नाही. लक्ष्याच्या मागे काय आहे, हे आधी पाहायचे. ‘थांबा’ असा शब्द आला की त्या क्षणी थांबायचे. हे सारे अंगवळणी पडल्यावरच नेम आला. स्पर्धेची रायफल साडेपाच किलोपर्यंत भरते. कोवळ्या खांद्याला तो भार सोसत नाही, म्हणून आरंभी तिची रायफल टेकणावर ठेवलेली असे. छर्रे शिशाचे असतात, म्हणून घरी परतण्यापूर्वी साबणाने हात धुणे हाही शिक्षणाचाच भाग. पालकहो, जेथे हे नियम शिथिल दिसतील, तेथून मुलाचे बोट धरून परत या.

या खेळात लक्ष्य दहा मीटरवर असते आणि एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. श्वास किंचित चुकला तरी नेम ढळतो. मुलीला हे लवकर उमगले, मला उशिरा.

एका लहानशा स्पर्धेत तिचे गुण घसरू लागले. मी मागे बसून प्रत्येक छर्‍यानंतर मान हलवीत होते, हळूच ‘अगं’ म्हणत होते. घरी परतताना ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आई, तू मागे असलीस की मला ठिपका दिसत नाही, तूच दिसतेस.”

त्या रात्री मला शाळेत ऐकलेली द्रोणाचार्यांच्या परीक्षेची गोष्ट आठवली. अर्जुनाला केवळ पक्ष्याचा डोळा दिसला, हे आपण सर्वांनी पाठ केले आहे. पण त्याच्याआधी युधिष्ठिराला आणि इतरांना गुरूंनी बाण सोडूच दिला नाही, इकडे आपले लक्ष जात नाही. मन एकाग्र नसेल तर धनुष्य खाली ठेवावे, हाही त्या परीक्षेचाच धडा होता. तो मुलांइतकाच पालकांनाही लागू आहे. त्या दिवशी धनुष्य खाली ठेवायला हवे होते ते मी. पुढल्या आठवड्यापासून मी पुस्तक घेऊन शेवटच्या बाकावर बसू लागले. गुण विचारणे सोडले.

एकदा मला बरे नव्हते, म्हणून आजोबा तिला घेऊन गेले. तिने रायफल उचलली, नेम धरला, काही क्षण स्थिर राहिली आणि छर्रा न झाडताच रायफल खाली घेतली. पुन्हा श्वास घेतला, पुन्हा उचलली. असे तीनदा झाले. घरी आल्यावर आजोबा मला इतकेच म्हणाले, “थांबता येते तिला.” ज्या माणसाने आयुष्यभर तोफांचे काम केले, त्याच्या तोंडची ही दाद मला पदकाहून मोठी वाटली.

त्यांचा आक्षेप पुरता मावळला, असे मी म्हणणार नाही. शस्त्राविषयीचा तो धाक घरात राहावा, असेच मला वाटते. मात्र शनिवारी दुपारी रेंजची वेळ झाली की आता तेच आधी घड्याळाकडे पाहतात.

आपले मूल पदक आणील की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. हाती सामर्थ्य असताना ते केव्हा वापरू नये, एवढे जरी ते शिकले, तरी आपले शनिवार सार्थकी लागले. मूल नेम धरत असताना आपण मागे, शांत आणि हजर असावे, एवढेच आपले काम.

वर्गात प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहणारे शिक्षक मला या शाळेत लाभले. ती वाट पाहणे किती अवघड असते, हे मला आई झाल्यावर कळले.