मुंबईहून लंडनला



समजा, आपल्या गावचा मुलगा जानेवारी महिन्यात विमानाने लंडनला निघाला. तिकिटावर लिहिले आहे : मुंबईहून निघणार दुपारी १ वाजता. लंडनला पोचणार संध्याकाळी ५.३० वाजता. आई साडेपाचपासून फोनपाशी बसते. फोन येत नाही. तिचा जीव खालीवर होतो.

आम्ही त्या माउलीला सांगू, धीर धरा. मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. ते साडेचार तासांत कसे संपेल? तिकिटावर ज्या त्या गावची वेळ लिहितात. सूर्य आपल्याकडे आधी उगवतो, लंडनला मागाहून. म्हणून हिवाळ्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. उन्हाळ्यात ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात. मग फरक साडेचार तासांचा राहतो.

आता हिशोब करू. साडेचारात साडेपाच मिळवा. झाले दहा तास. मुलगा उतरेल, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे ११ वाजलेले असतील.

परत येताना मात्र तासभर कमी लागतो. खूप उंचावर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराने वाहतो. तो विमानाला मागून रेटा देतो.

तेव्हा तिकीट आपणच वाचू, हिशोबही आपणच करू. उगाच जीव टांगणीला लागणार नाही.