दहावी कुठून झाली?

(रेडिओवरून प्रसारित झालेले भाषण)



मे महिन्याचा पहिला रविवार. भारतात दुपारचे दोन वाजतात, तेव्हा मस्कतला साडेबारा झालेले असतात आणि दोहाला साडेअकरा. घड्याळं वेगळी असली तरी वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची प्रश्नपत्रिका सगळीकडे एकाच वेळी हातात पडते. १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायांत साध्या चपला. मस्कतच्या त्या वर्गात बसलेल्या एखाद्या मुलीच्या आजोबांचं घर आपल्या मुलुंडला असतं, तिचा जन्म महापालिकेच्या टी वॉर्डात नोंदवलेला असतो आणि मनात केईएमचं मेडिकल कॉलेज असतं.

पूर्व उपनगरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर ओळखीपाळखीची माणसं मेडिकलच्या प्रवेशाचं विचारायला येऊ लागली. त्यांत परदेशातल्या मुलांचे आजी-आजोबाच जास्त. मुलगा तिकडे हिशेबनीस, सून शाळेत शिक्षिका, आणि इथली धावपळ आजोबांच्या गळ्यात. परदेशात वाढलेलं आपलं मूल इथे डॉक्टर व्हायला निघतं, तेव्हा त्याच्यासाठी कुठली दारं उघडी असतात, कुठली बंद असतात आणि का, हे आज सांगायचं आहे.

परीक्षेपासून सुरुवात करू. २०२० सालापर्यंत नीट द्यायची तर भारतात येण्यावाचून गत्यंतर नव्हतं. करोनाच्या वर्षी विमानं बंद होती. आखातातले काही पालक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि केंद्र आमच्याकडे द्या म्हणाले. ऑगस्ट २०२० मध्ये न्यायालयाने ती मागणी मान्य केली नाही. मुलांना ‘वंदे भारत’ मोहिमेच्या विमानांनी येऊ द्यावं, असं सरकारला सांगितलं. पुढच्या वर्षी कुवेत आणि दुबईला पहिल्यांदा केंद्रं मिळाली आणि २०२२ मध्ये परदेशातल्या शहरांची संख्या १४ झाली. त्यांत मस्कत, दोहा, मनामा, रियाध, अबू धाबी, शारजा ही आखाती शहरं, शिवाय सिंगापूर, बँकॉक, काठमांडू वगैरे. युरोप-अमेरिकेत एकही नाही. २०२४ चे अर्ज सुरू झाले तेव्हा तर यादीतून परदेश गायबच होता. पालकांनी ओरड केल्यावर १४ शहरं परत आली. त्या वर्षी खुल्या गटातल्या उमेदवाराला भारतात १७०० रुपये शुल्क होतं, तर परदेशी केंद्रासाठी ९५००.

म्हणजे परीक्षा घराजवळ आली. पण आजोबांचा खरा प्रश्न पुढचाच असतो. “सर, मार्क चांगले पडले तर ती आपल्या महाराष्ट्राच्या कोट्यात बसेल ना?”

बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असं असतं, आणि ते पचायला जड जातं.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या आणि ८५ टक्के राज्याच्या. राज्याच्या जागांसाठी महाराष्ट्राची अट साधारण अशी आहे : उमेदवार भारतीय नागरिक हवा, महाराष्ट्राचा अधिवासी म्हणजे डोमिसाइल असलेला हवा, आणि त्याची दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयातून झालेली हवी. बदलीच्या सरकारी नोकरीतले, सैन्यदलातले, कर्नाटकाशी वाद असलेल्या सीमाभागातले अशा काहींच्या मुलांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. मस्कतच्या हिशेबनिसाची मुलगी त्यांत बसत नाही.

मुलुंडच्या एका घरी जेवणाच्या टेबलावर अशाच एका मुलीची फाइल माझ्यासमोर आली. आजोबा बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे फाइल बघत राहावी अशी. प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पाकिटात, कडेला रंगीत चिठ्ठ्या. पहिला महापालिकेचा जन्मदाखला. मग मुलीच्या वडिलांचं डोमिसाइल. मुलुंड कुर्ला तालुक्यात येत असल्यामुळे त्यावर कुर्ल्याच्या तहसीलदारांचा शिक्का. मग नातीचं नाव चढवलेलं रेशनकार्ड. मग आजोबांचा स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला, कडा पिवळ्या पडलेला. तो कुणी मागितलेला नव्हता. ‘असू दे’ म्हणून लावलेला. आणि सगळ्यांत शेवटी दहावीची सीबीएसईची गुणपत्रिका, शाळा मस्कतची. मी पानं उलटत होतो आणि आजोबा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. तीन पिढ्या मुलुंडच्या असल्याचा पुरावा त्या फाइलीत होता. नियम विचारत होता ते शेवटच्या पाकिटातलं.

मग परदेशातल्या मुलांना काय उरतं? एक म्हणजे तोच १५ टक्क्यांचा अखिल भारतीय कोटा. त्यात राज्याची अट नाही. भारतीय पासपोर्ट असलेलं मूल मस्कतला शिकलेलं असो की मालाडला, तिथे गुणांवर उभं राहतं. केईएमच्या सेठ गो. सुं. महाविद्यालयात २५० जागा. त्यांच्या १५ टक्के म्हणजे ३७-३८. जुहूच्या कूपर रुग्णालयाला जोडलेलं महापालिकेचं महाविद्यालय आहे, तिथेही याच वाटेने जाता येतं. पण २०२४ मध्ये २३ लाखांहून जास्त मुलं या परीक्षेला बसली होती. त्यातून मुंबईतली जागा हाती लागायला क्रमांक अगदी वरचा लागतो. देशात कुठेही जायची तयारी असेल तर हिशेब थोडा सैल होतो.

दुसरं दार अनिवासी भारतीयांच्या कोट्याचं. या कोट्याबद्दलचा इनामदार खटला महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्यात २००५ मध्ये न्यायालयाने खासगी संस्थांना १५ टक्क्यांपर्यंत अशा जागा ठेवू दिल्या. त्या खऱ्याखुऱ्या अनिवासी भारतीयांच्या मुलांनाच मिळाव्यात आणि त्यातून येणारा जादा पैसा गरीब विद्यार्थ्यांच्या कामी यावा, असंही न्यायालयाने म्हटलं होतं. पुढे त्या जागांचं काय झालं ते आपण पाहतोच. लांबच्या काकाच्या, आत्याच्या नावावर इथलीच मुलं अनिवासी होऊ लागली. २०२४ मध्ये पंजाब सरकारने ही नाती आणखी सैल केली, तेव्हा तिथल्या उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील झटकून टाकलं.

या जागांची फी नेहमीच्या कित्येक पट असते, अभिमत विद्यापीठांत ती बहुधा डॉलरमध्येच सांगितली जाते. आखातातली माणसं म्हणजे पैशाच्या राशी, असा आपल्याकडे समज आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत फोरमन असतात, नर्स असतात, शिक्षिका असतात. पगारातून घरभाडं, शाळेची फी आणि बोरिवलीच्या फ्लॅटचा हप्ता गेल्यावर डॉलरची फी कुठून भरणार? कोटा त्यांच्या नावाने असतो, परवडतो दुसऱ्यालाच.

अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची गोष्ट निराळी. ती तिथली नागरिक, हातात परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतवंशीयांना मिळणारं ओसीआय कार्ड. केंद्राने ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने त्यांना फक्त अनिवासी कोट्यापुरतं ठेवलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हे बंधन त्या तारखेनंतर कार्ड घेतलेल्यांनाच लागू होईल. तेव्हा न्यू जर्सीच्या श्रोत्यांनी आधी कार्डावरची तारीख पाहावी.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मस्कतच्या त्या मुलीच्या बाकावर शेजारी एक मल्याळी मुलगी बसते असं समजा. दोघींची शाळा एक, बोर्ड एक, गुण सारखे. केरळच्या नियमात उमेदवार किंवा त्याची आई किंवा वडील केरळात जन्मलेले असले की मूल ‘केरळीय’ ठरतं, शिक्षण कुठेही झालेलं असो. त्या मुलीला आईचा जन्मदाखला तारून नेतो. मुलुंडच्या मुलीला स्वतःचा जन्मदाखलाही उपयोगी पडत नाही.

यात केरळ उदार आणि महाराष्ट्र कोता असं म्हणून मोकळं होता येईल, पण ते खरं नाही. दोन्ही राज्यांनी आपापल्या अनुभवातून नियम केले. केरळातून पन्नास वर्षं माणसं आखातात जात आहेत. कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी बाहेर, आणि त्यांच्यासाठी १९९६ पासून राज्य सरकारचं स्वतंत्र खातं. बाहेर गेलेला आपलाच, हे तिथे गृहीत आहे. महाराष्ट्राचा नियम मुंबईकडे बघून केलेला दिसतो. इथे माणसं येतात. जन्म किंवा नुसता पत्ता पुरेसा धरला, तर बारावीनंतर अंधेरीत भाड्याची खोली घेऊन कुणीही हक्क सांगेल, ही भीती. म्हणून शिक्षणाची अट तेवढी घट्ट धरली. आसामात तर सातवीपासून बारावीपर्यंत राज्यातच शिकण्याची अट होती आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली.

आणि या अटीची एक चांगली बाजू मी वर्गात रोज पाहिली आहे. घाटकोपरला वाढलेला गुजराती मुलगा, मुलुंडची तमिळ मुलगी, साकीनाक्याच्या रिक्षावाल्याचा जौनपूरहून आलेला पण इथेच शिकलेला मुलगा, हे सगळे तिच्यामुळे महाराष्ट्राचे ठरतात. आडनाव, मातृभाषा, मूळ गाव कुणी विचारत नाही. जो इथे शिकला तो इथला, हे तत्त्व मला पटतं. ते सोडून जन्मावर जावं, असं मी म्हणणार नाही.

पण महाराष्ट्रातूनही माणसं बाहेर जातात, याची दखल त्या नियमात नाही. रत्नागिरी-रायगडच्या किती घरांची चूल आखाती पगारावर पेटते! बदलीच्या नोकरदाराच्या मुलाला आपण सवलत देतो, कारण त्याचं बाहेर असणं त्याच्या हातात नव्हतं. आखातात तर नागरिकत्व सहसा मिळतच नाही. तिथल्या नोकरदाराला आज ना उद्या परत यायचंच असतं. ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या अशा कुटुंबांच्या मुलांसाठी मोजक्या जागा, त्याही गुणांवरच, एवढी तरतूद राज्याला जड जाऊ नये. नाहीतर होतं काय, की चौदा वर्षांच्या मुलाला डॉक्टर व्हायचं की नाही हे आठवीतच ठरवावं लागतं. कारण दहावीला इथे बसायचं तर नववीपासून यायला हवं. आई मुलाला घेऊन बोरिवलीला येते, वडील तिकडे चार जणांत एक खोली घेऊन राहतात. हे सगळं अशा एका जागेसाठी, जिच्याबद्दल त्या मुलाचं मत अजून बनायचंय.

नियम बदलेल तेव्हा बदलेल. तोवर काय करावं, ते थोडक्यात सांगतो.

मूल आठवीत असतानाच घरात हा विषय काढा. बारावीनंतर काढलात तर बोलण्यासारखं फार उरत नाही. परत यायचं ठरलं तर इतर कारणंही बघा : आजी-आजोबांची तब्येत, नोकरीची शाश्वती, धाकट्या भावंडाची शाळा. केवळ एका परीक्षेसाठी घर दोन देशांत वाटू नका.

तिकडेच राहायचं ठरलं तर अभ्यासक्रमाकडे लक्ष द्या. नीटचा पाया एनसीईआरटीची पुस्तकं आहेत, त्यामुळे सीबीएसईच्या मुलांना ते सोयीचं पडतं. ए-लेव्हल किंवा आयबीच्या मुलांनी अकरावी-बारावीच्या काळात भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राबरोबर इंग्रजीही ठेवावं. तीन विषयांवर थांबलेली हुशार मुलं पुढे कागदावर अडकतात. परदेशी बोर्डाचं समकक्षता प्रमाणपत्र भारतीय विश्वविद्यालय संघाकडून वेळेत मागवा. आणि इंजिनिअरिंगला परदेशातल्या मुलांसाठी ‘दासा’ नावाची थेट प्रवेशाची योजना आहे, तशी काही मेडिकलला नाही. तसं सांगणाऱ्या एजंटाला चहा पाजून वाटेला लावा. जॉर्जिया-रशियाला जायचं आणि पुढे भारतात प्रॅक्टिस करायची, तरी ‘नीट’ उत्तीर्ण व्हावंच लागतं.

प्रवेशाची माहितीपुस्तिका दरवर्षी नवी निघते. पुतणीच्या वेळचे नियम पुतण्याला लावू नका. राज्याच्या प्रवेशप्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी सेलची त्या वर्षीची पुस्तिका स्वतः वाचा, आजोबांकडूनही वाचून घ्या. त्यांच्याइतकं बारकाईने घरात कुणी वाचत नाही.

मुलुंडच्या त्या मुलीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. राज्याचा कोटा नाही म्हटल्यावर आजोबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मुलीने मात्र अखिल भारतीय यादीतून मध्य प्रदेशातलं एक सरकारी महाविद्यालय घेतलं. फोनवर मला म्हणाली, “सर, केईएम पीजीला बघू.” पदव्युत्तर प्रवेशाला अखिल भारतीय कोटा निम्म्या जागांचा असतो, हे तिने आधीच शोधून ठेवलं होतं.