ग्रंथालयांचे नियम आणि वनप्रदेशातील वाचक



ग्रंथालयाचा कायदा म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे 1967 चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम येतो. 1 मे 1968 रोजी तो अमलात आला आणि त्याच सुमारास ग्रंथालय संचालनालयही स्थापन झाले. कोल्हापूर संस्थानाने 1945 सालीच असा कायदा केला होता. मुंबई प्रांतातही त्याआधी फैजी समितीने ग्रंथालयांची योजना आखून दिली होती. पण वरोरा त्या काळी मध्यप्रांतात असल्यामुळे या दोहोंचा लाभ चांदा जिल्ह्याला झाला नाही.

मात्र गावातील वाचनालयाचा संबंध अधिनियमापेक्षा नियमांशी अधिक येतो. राज्य ग्रंथालय परिषद, जिल्हा ग्रंथालय समिती, ग्रंथालय निधी ही चौकट अधिनियमाने घालून दिली. परंतु कोणत्या संस्थेला मान्यता द्यावयाची आणि तिला किती अनुदान मिळावयाचे, हे ठरते ते 1970 च्या मान्यता व अनुदानविषयक नियमांनी. जिल्हा, तालुका व इतर असे ग्रंथालयांचे प्रकार आणि अ, ब, क, ड हे वर्ग त्यांतूनच आले. ग्रंथांची संख्या, वृत्तपत्रे व नियतकालिके, उघडे राहण्याचे तास, सेवकवर्ग, वार्षिक खर्च अशा मोजमापांवर ग्रंथालयाचा वर्ग ठरतो आणि वर्गावर अनुदान ठरते. महाराष्ट्राने ग्रंथालय-कर बसविला नाही. येथील बहुसंख्य ग्रंथालये लोकांच्या नोंदणीकृत संस्थाच चालवितात. त्यामुळे नियमातील एखाद्या आकड्याचा परिणाम थेट ग्रंथपालाच्या मानधनावर होतो.

ही मोजमापे सर्वत्र सारखीच पेलतील असे नाही. वरोरा लोहमार्गावर आहे, नागपूर-चंद्रपूर रस्त्यावर आहे. तेथे सकाळचे वर्तमानपत्र सकाळी मिळते. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याची स्थिती निराळी आहे. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडची वाट तुटल्याच्या बातम्या पावसाळ्यामागून पावसाळे येत राहिल्या. अशा ठिकाणी वर्तमानपत्रांची संख्या हे वाचनाचे माप कितपत खरे ठरेल? सिरोंच्याला तेलुगू वाचणारे आहेत. एटापल्ली-भामरागडकडे माडिया बोलणारी मुले शाळेतच प्रथम मराठी अक्षरे गिरवितात. किमान लोकसंख्येची अट कागदावर निरुपद्रवी दिसते, पण चार-पाच विखुरलेल्या टोल्यांचे मिळून जेथे एक गाव होते, तेथे वाचनालय कोणत्या टोल्याचे समजावयाचे, हा प्रश्न उभा राहतोच. मंत्रालयात बसून मसुदा करणाऱ्या अधिकाऱ्याला हे ठाऊक असेलच असे गृहीत धरणे त्याच्यावरही अन्यायाचे आहे. कोणी तरी ते त्याला लेखी कळवावे लागते.

कळविण्याची वेळ केव्हा येते? ज्या अधिनियमात नियमांच्या पूर्वप्रसिद्धीची अट असते, तेथे 1904 च्या महाराष्ट्र सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाने पद्धत घालून दिली आहे. प्रथम नियमांचे प्रारूप प्रसिद्ध करावयाचे. ते कोणत्या तारखेस किंवा तारखेनंतर विचारात घेतले जाईल, हे सोबत जाहीर करावयाचे. तोवर आलेल्या हरकती व सूचना विचारात घ्यावयाच्या. आणि मग अंतिम नियम राजपत्रात छापावयाचे. राजपत्र खेड्यात कोण वाचतो, असे कोणी म्हणेल. म्हणणे खोटे नाही. म्हणून पंचायत समितीच्या कार्यालयात आलेले प्रारूप शाळेच्या व वाचनालयाच्या फलकावर लागले, तर ते काम मोठे आहे.

नियम आणि शासन निर्णय यांतील भेदही जाणून घेतला पाहिजे. नियमाला अधिनियमाचे बळ असते, आणि अधिनियमाच्या मर्यादेबाहेर त्याला जाता येत नाही. शासन निर्णय व परिपत्रक हे प्रशासनाचे आदेश होत. नियमाविरुद्ध ते टिकत नाहीत, पण त्यांच्यासाठी प्रारूप आणि हरकती हा टप्पा सहसा नसतो. तरीही त्यांचा परिणाम काही थोडा नव्हे. 2012 साली राज्यभरातील ग्रंथालयांची महसूल यंत्रणेमार्फत पडताळणी झाली. केवळ कागदावर असलेली ग्रंथालये शोधून काढणे आवश्यकच होते. परंतु त्यानंतर नव्या मान्यता व वर्गवाढ अनेक वर्षे थांबल्या, आणि ज्या गावात वाचनालय नव्हतेच, त्या गावाला दुसऱ्यांच्या दोषाची झळ लागली. अशा वेळी हरकतीची मुदत कोणी जाहीर करीत नाही. मात्र 2005 च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम 4 प्रमाणे, लोकांवर परिणाम करणाऱ्या महत्त्वाच्या निर्णयांसंबंधीची सर्व संबद्ध वस्तुस्थिती प्रसिद्ध करणे हे कार्यालयांचे कर्तव्य आहे. ती मागता येते.

ग्रामपंचायतींनाही येथे बाजूला राहता येणार नाही. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या अनुसूचीत ग्रंथालये व वाचनालये हा विषय आहे. पंचायतीचा ठराव जोडलेली हरकत एकट्यादुकट्याच्या अर्जापेक्षा वजनदार ठरते.

हरकत लिहिताना ‘नियम अन्यायकारक आहे’ एवढे लिहून भागत नाही. प्रारूपातील नियमाचा क्रमांक द्यावा, त्यातील नेमके शब्द उतरवावेत, त्याऐवजी कोणते शब्द हवेत ते सुचवावे. मग गावाची वस्तुस्थिती: वाचक किती, कोणत्या भाषेचे, टपाल किती दिवसांनी येते, पावसाळ्यात रस्ता किती दिवस बंद असतो. ही माहिती शिक्षकांपाशी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यापाशी असते. अर्ज प्रारूपात नमूद केलेल्या अधिकाऱ्याकडे मुदतीपूर्वी पोचेल असा पाठवावा, त्याची प्रत जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यास द्यावी आणि पोच जपून ठेवावी.