कॅनडाच्या वाटेवरचा सल्लागार

मुलाला कॅनडाला पाठवण्यासाठी शेत गहाण टाकण्याआधी एजंटकडे त्याचा परवाना क्रमांक मागा. तिथल्या कायद्यानुसार इमिग्रेशनचा सल्ला पैसे घेऊन देण्याचा अधिकार ठरावीक लोकांनाच आहे: तिथले वकील, क्वेबेकचे नोटरी, ऑन्टारियोसारख्या ठिकाणी पॅरालीगल आणि परवानाधारक सल्लागार. या सल्लागारांवर २०२१पासून ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’ देखरेख करतं. त्याची नोंदवही ऑनलाइन फुकट पाहता येते. नाव सापडलं, तरी परवाना चालू आहे की निलंबित, तेही वाचा. भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर विसंबू नका.

अर्जावर प्रतिनिधी म्हणून स्वतःचं नाव लिहायला जो कचरतो, त्याला एक रुपयाही देऊ नका. आणि भरलेला अर्ज स्वतः वाचल्याशिवाय सही नको. त्यात महत्त्वाची माहिती खोटी निघाली, तर ५ वर्षांची प्रवेशबंदी अर्जदारावर येते.