बागेसाठी गमबूट घेताय? आधी हे ऐका

रोज कोड लिहिणारा मी आज चक्क बुटांवर बोलणार आहे. कारण पाऊस लागला की कोकणातल्या आमच्या घरामागच्या वाडीत गुडघाभर गवत होतं, आणि बाबा तिथे स्लिपर घालून फिरतात.

मुख्य भीती सापाची. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा २०२० सालच्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. बरेचसे दंश पायावरच होतात. फुरसं तर पाचोळ्यात दिसतही नाही. शिवाय साचलेल्या पाण्यातून, पायाच्या भेगांमधून शिरणारा लेप्टो आहेच.

मग घ्यायचं काय? रोजच्या कामाला पोटरी झाकणारा पीव्हीसीचा गमबूट. घोट्यापर्यंतचा नको. तळाला खोल खाचा हव्यात, नाहीतर शेवाळावर घसरलात म्हणून समजा. आयएसआयची खूण बघा. पीव्हीसीच्या बुटांचं मानक आहे आयएस १२२५४. कुदळ, पहार चालवायची असेल तर पुढे स्टील टो असलेला घ्या.

माप संध्याकाळी, सुती मोजे घालून बघा. तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. चालताना टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. चिखलात तो तिथेच राहील आणि पाय बाहेर येईल!

बाबा म्हणतात, "पाय घामेजतात रे." खरंय. म्हणून अधूनमधून काढायचे, मोजे बदलायचे. धुऊन सावलीत उलटे टांगायचे, आणि घालण्याआधी झटकायचे. आत विंचू बसलेला असू शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बूट येतात मालकासाठी, पण गवतात वाकून काम करतात त्या मावशी, अनवाणी. त्यांच्या लहान मापाचे बूट दुकानात सहज मिळत नाहीत. म्हणून कागदावर पाऊल आखा, सेंटीमीटरमध्ये मोजा, मग ऑर्डर द्या. मी कार्टमध्ये दोन जोड टाकलेत.

आणि हो, बूट म्हणजे चिलखत नाही. दंश झालाच तर आवळून बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडे तर नकोच. पाय हलवू न देता १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा.

हा भाग गावाकडच्या फॅमिली ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात!