तीन दिवे एकदम पेटतात तेव्हा

एबीएसमधला दोष कसा शोधायचा, हे सांगण्यासाठी मी एकच गाडी निवडली आहे. लँड रोव्हर डिस्कव्हरीची दुसरी आवृत्ती. इंग्लंडमधल्या सोलिहलच्या कारखान्यात ती १९९८ ते २००४ या काळात तयार झाली. डोंगरात, वाळवंटात, चिखलात ती अजून फिरते आणि तिचे मालक एकाच दुखण्यानं हैराण असतात. एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल आणि उतारावर गाडी धरून ठेवणारी यंत्रणा, या तिघांचे दिवे डॅशबोर्डवर एकदम पेटतात. मालकमंडळी या त्रिकुटाला ‘थ्री अमिगोज’ म्हणतात.

तिन्ही एकदम का? कारण तिघांचं काम वॅबको कंपनीच्या एकाच मॉड्युलेटरमधून चालतं. चाक अडकू लागलं की तो त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडतो, ते एबीएस. चाक चिखलात नुसतंच गरगरू लागलं की त्याला ब्रेक लावतो, ते ट्रॅक्शन कंट्रोल. कुठल्याही एका माहितीबद्दल शंका आली, की संगणक तिन्ही कामं थांबवतो. साधा ब्रेक मात्र लागत राहतो, आणि म्हणूनच लोक दिव्यांकडे काणाडोळा करतात. या गाडीत ते फार महागात पडतं. आधीच्या डिस्कव्हरीत मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग, लॉक करता येत असे. या आवृत्तीत बहुतेक काळ ती सोय चालकाला दिलेलीच नव्हती, सगळी भिस्त ट्रॅक्शन कंट्रोलवर होती. ते बंद पडलं, की एक चाक हवेत लोंबकळताच गाडी जागच्या जागी अडकते.

आता दोष शोधायचा कसा? पहिला प्रश्न दिव्याला विचारा: तू केव्हा पेटलास? गाडी थोडी पुढे गेल्यावर पेटला, तर संशय चाकाजवळच्या, त्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरवर. ब्रेक दाबल्यावर पेटला, तर मॉड्युलेटरच्या स्विचवर. सुरू करतानाच पेटून राहिला, तर आधी बॅटरी, फ्यूज आणि अर्थिंग बघा. त्यानंतर स्कॅनर. इंजिनाचे कोड वाचणारा साधा स्कॅनर इथे बहुधा उपयोगी पडत नाही, या गाडीचं एबीएस वाचणाराच लागतो.

सेन्सरपाशी जरा थांबू या, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. चुंबक आणि तारेचं वेटोळं, एवढाच तो असतो. समोरून दातेरी कडं फिरलं की त्यात वीज उत्पन्न होते. चाक हळू फिरलं तर ती क्षीण असते. गंज, चिखल किंवा ढिलं बेअरिंग यांमुळे सेन्सर आणि कडं यांतलं अंतर वाढलं, तर ती आणखी क्षीण होते. मग गाडी थांबता थांबता, अगदी कमी वेगात, हा विजेचा संकेत तुटतो. संगणकाला वाटतं चाक अडकलं, आणि कोरड्या रस्त्यावरही पेडल पायाखाली थरथरतं, गाडी अपेक्षेपेक्षा पुढे जाऊन थांबते. कित्येकदा दिवा पेटतच नाही, कोडही नोंदला जात नाही. मला हा दोष सर्वांत धोक्याचा वाटतो.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. या गाडीच्या सेन्सरचा रोध साधारण एक किलोओहम असतो. चारही चाकांचे आकडे शेजारी लिहून ठेवा, वेगळा पडलेला आपोआप दिसतो. वायर हलवूनही बघा, आतून तुटलेली तार हलवल्यावरच उघडी पडते. मग चाक उचलून हातानं फिरवा आणि एसी व्होल्टेज मोजा. इथे एक इशारा मनापासून देतो. या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नाही, मागच्या शाफ्टवर आहे. एक चाक जॅकवर उचललं की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते. बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पक्के अडसर लावल्याशिवाय जॅकला हात लावू नका.

सेन्सर निर्दोष निघाले, तर मॉड्युलेटरवरचा शटल व्हॉल्व्ह स्विच पाहायचा. ब्रेक दाबल्याची खबर देणारा हा छोटा भाग या गाडीचं जुनं दुखणं आहे. तो वेगळा बदलता येतो. कधी स्विच ठीक असतो, पण मॉड्युलेटरच्या आतली जोडणी सुटलेली असते. तेव्हा बाहेरून वायर टाकून मार्ग काढता येतो, अनेकांनी तो यशस्वीपणे काढला आहे. एवढं न तपासता अख्खा महागडा मॉड्युलेटर बदला असं सांगणाऱ्याला, कुठल्या मोजणीवरून हे ठरवलंत, असं जरूर विचारा.

हे सगळं एकाच गाडीपुरतं नाही. भारतात २०१९पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे. त्या गाड्याही आता जुन्या होऊन या हातातून त्या हातात जाणार. जुनी गाडी घेताना चावी फिरवून नीट बघा: एबीएसचा दिवा आधी पेटला पाहिजे आणि मग विझला पाहिजे. तो पेटलाच नाही, तर कोणीतरी बल्ब काढलेला असू शकतो. अशी गाडी तपासून घेतल्याशिवाय घेऊ नका, आणि पावसाळ्यात ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात तर मुळीच नेऊ नका.